पंपाशेजारी ऐकू येणारा रेडिओ

एखादी वस्तू विकत घेणे आणि एखादी वस्तू निवडणे या दोन क्रियांत मूलभूत फरक आहे, असे नानांचे मत होते. विकत कोणीही घेतो. निवडायला शिक्षण लागते. नानांकडे ते होते. तंत्रनिकेतनातून यंत्रशास्त्राची पदविका घेऊन बाहेर पडून त्यांना पुष्कळ वर्षे झाली होती, कारखान्यातून निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता. पण अजूनही घरात चहाची गाळणी आणायची झाली, तर नाना आधी तिचा उपयोग निश्चित करीत, मग निकष ठरवीत, मग बाजारातल्या गाळण्यांची तुलना करीत. निष्कर्ष निघेपर्यंत माईंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, कोपऱ्यावरच्या दुकानातून गाळणी आणून तिच्यातून चहा गाळायलाही सुरुवात केलेली असे. नाना तो चहा पीत आणि म्हणत, "जाळी थोडी विरळ आहे."

तेव्हा गावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकासाठी रेडिओ निवडण्याचे काम नानांकडे आले, यात नवल काही नव्हते. नवल असलेच तर एवढेच, की काम देणाऱ्यांनी नानांच्या घरची गाळणी पाहिलेली नव्हती.

पथक लहान होते. एक बंब, एक पंप, आणि आपापले पोटापाण्याचे उद्योग सांभाळून आगी विझवायला धावणारी माणसे. पूर्वी कुठे आग लागली की पाण्याच्या टाकीवरचा भोंगा वाजे आणि जो जिथे असेल तिथून निघे. पुढे टाकीभोवती नव्या इमारती उभ्या राहिल्या, भोंग्याने आमची झोपमोड होते अशी तक्रार तिथल्या रहिवाशांनी केली, आणि भोंगा सन्मानपूर्वक खाली उतरवण्यात आला. त्याच्या जागी मोबाइलवर निरोप येऊ लागले. लाकडाच्या वखारीला आग लागली, तेव्हा निम्म्या सभासदांना तो निरोप वखार विझल्यावर मिळाला. नानांना दुसऱ्या दिवशी मिळाला, तोही कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली. म्हणून ठरले, की प्रत्येक सभासदाजवळ बोलता आणि ऐकता येईल असा एक रेडिओ असावा. केंद्रावरून इशारा आला की तो वाजावा, आणि ज्याने त्याने 'निघालो' म्हणून उत्तर द्यावे.

पथकप्रमुख पेशाने दंतवैद्य होते. समोरचा माणूस तोंड उघडून असहाय बसला आहे आणि त्याला घाबरवून चालणार नाही, ही जाणीव त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की ते सगळीकडेच मऊ, खालच्या पट्टीत बोलत. बैठकीत ते नानांकडे पाहून म्हणाले, "कोणता संच घ्यायचा ते नाना ठरवतील." मग मान खाली घालून कागद चाळता चाळता त्यांनी दुसरा विषय काढला. "यंदापासून सगळ्यांची वैद्यकीय तपासणी होणार आहे. डोळे, छाती, कान. पंपावरच्या माणसाला तर नीट ऐकू आलंच पाहिजे. पुढे पाइप धरलेली माणसं त्याच्या भरवशावर असतात. ज्याला जमत नसेल, त्याने मानाने बाजूला व्हावं."

पंपावर नाना उभे राहत. पथक स्थापन झाले त्या दिवसापासून तेच उभे राहत.

"बरोबर आहे," नाना म्हणाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. नानांना ऐकू कमी येते ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. फक्त नानांना नव्हती. नानांच्या निरीक्षणानुसार अलीकडे लोकांची बोलण्याची पद्धत बिघडली होती. सगळे पुटपुटत. अशा पुटपुटणाऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारणे हे सभ्यपणाचे नाही, म्हणून नानांनी एक सर्वसमावेशक उत्तर शोधून काढले होते, आणि ते 'बरोबर आहे' हे होते. बहुतेक लोकांना एवढेच हवे असते, हाही त्यांचा अनुभव होता.

कानांच्या तपासणीची बातमी त्यांना घरी जाताना कळली. पथकातला विमा एजंट त्यांच्याच इमारतीत राहत असे. नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बंद दारातूनही आत पोचेल असा त्याचा आवाज होता.

"नाना, तुम्ही बैठकीत बरोबर आहे म्हणालात खरं," विमेवाला म्हणाला, "पण कान तपासणार आहेत हं. नापास झालात तर पंप गेला."

नाना थांबले. "माझे कान उत्तम आहेत."

"तेच म्हणतो मी. पण डॉक्टरला पटलं पाहिजे ना."

त्या दिवशी नानांनी मनाशी ठरवले, की रेडिओची निवड अशी निर्दोष करायची, की पथकाला आपल्यावाचून पुढे जाताच येऊ नये. पंपाशेजारची ती जागा त्यांना दुसऱ्या कोणाला द्यायची नव्हती. कारखाना सुटल्यापासून, आपण नसलो तर काम अडते असे त्यांना वाटावे अशी तेवढी एकच जागा उरली होती.

विक्रेत्याने तीन प्रकारचे संच चाचणीसाठी दिले, प्रत्येकाची जोडी. नानांनी त्यांना क्रमांक दिले; माईंनी नावे दिली. सर्वांत लहान संच इशाऱ्याला चिवचिवत असे, ती चिमणी. दुसरा गुळगुळीत, पांढरट, हातातून निसटणारा, तो साबण. तिसरा काळा, चौकोनी, कमरेला लावला की पँट एका बाजूने खाली ओढणारा, ती वीट. नानांनी नावांना तत्त्वतः हरकत घेतली आणि तिसऱ्या दिवसापासून स्वतःही तीच वापरू लागले.

सल्ला द्यायला माणसे कमी नव्हती. विमेवाल्याचे म्हणणे, संच दिसायला देखणा हवा. आगीत होरपळलेल्या माणसाचा पहिला विश्वास बाह्य रूपावर बसतो. खालच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांना सगळे बाई म्हणत. बाईंच्या मते प्रश्न संचाचा नव्हताच, उच्चारांचा होता. "आधी सभासदांचे उच्चार सुधारा," त्या म्हणाल्या. "शुद्ध बोललेलं डब्याला दोरा बांधूनसुद्धा ऐकू जातं."

"बरोबर आहे," नाना म्हणाले. या वेळी त्यांना ऐकू आले होते, तरीही म्हणाले.

घरातल्या चाचण्या सुरू झाल्या. माई जेवणाच्या टेबलाशी बसून इशारा देणार आणि नाना घरातल्या वेगवेगळ्या परिस्थितींत तो ऐकणार: न्हाणीघरात नळ सोडून, धुण्याच्या यंत्राशेजारी, उशीखाली संच ठेवून. चिमणीचा निकाल झटपट लागला. नानांच्या मते ती मुकी होती. माईंनी बटण दाबले की नाना संचाकडे टक लावून पाहत आणि खेदाने मान हलवीत. गमतीची गोष्ट अशी, की त्याच क्षणी खाली बाईंचा कुत्रा भुंकू लागे. कुत्रा तापट झाला आहे, अशी नोंद नानांच्या मनात झाली. साबणाचा आवाज त्यांना येई, पण शेजारच्या घरात कोणी तरी पोथी वाचत असावे इतपतच. वीट मात्र नानांना पसंत पडली. तिचा इशारा जाड, खर्जातला होता; पोटात आधी पोचे आणि कानात मागाहून. आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले, की अगदी साध्या संभाषणासारखे ऐकू येते, असे नाना म्हणाले.

हे साधे संभाषण ऐकून बाई वर आल्या. त्यांच्या मागोमाग समोरच्या इमारतीतले दोघे जण आले. एकाची दाढी अर्धीच झालेली होती आणि हातात वस्तरा होता.

"नाना," बाई म्हणाल्या, "आमच्या कपाटातल्या बश्या हलतात."

"म्हणजे आवाज स्पष्ट येतो तर," नाना म्हणाले आणि समाधानाने आत गेले.

आता उरली उघड्यावरची चाचणी. पण घराबाहेर रेडिओ चालवायचा तर परवाना हवा, म्हणून नाना परवाना कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना बसायला सांगितले. नानांनी खुर्ची ओढून त्याच्या अगदी पुढ्यात घेतली, कारण हा गृहस्थही पुटपुटणारा निघू शकला असता.

"कोणत्या संचाला परवानगी हवी?" अधिकाऱ्याने विचारले.

"ते चाचणीनंतर ठरेल."

"मग चाचणी करा आणि या."

"चाचणीला परवानगी लागते ना?"

"अर्थात. विनापरवाना केलीत तर संच जप्त होतो."

"मग चाचणीची परवानगी द्या."

"देतो की. कोणत्या संचाला?"

नानांनी अधिकाऱ्याकडे आदराने पाहिले. आयुष्यभर त्यांनी यंत्रे हाताळली होती. पण कुठेही घर्षण न होता इतक्या सुरळीतपणे गोल फिरणारे यंत्र त्यांच्या पाहण्यात नव्हते. पुढचे काही दिवस ते रोज त्या कार्यालयात जाऊन बसू लागले. अखेर त्यांच्या येण्याला कंटाळून अधिकाऱ्यानेच वाट काढली. "पथकाचं स्वतःचं चॅनेल मंजूर आहे ना? बंबातला जुना संच चालतो तेच. त्याच्यावर करा तुमची चाचणी. नवा परवाना मागताच कशाला?"

घरी येऊन नानांनी ही वाट आपणच काढली असल्यासारखे माईंना सांगितले आणि प्रमुखांना फोन लावला. प्रमुख तेव्हा कोणाची तरी दाढ पाहत होते. "चालेल, नाना," ते आपल्या मऊ आवाजात म्हणाले. "फक्त प्रत्येक निरोपाआधी 'सराव' असं स्पष्ट सांगा. केंद्रावर आणि बंबात सगळं ऐकू जाणार आहे. तो एक शब्द विसरू नका."

"बरोबर आहे," नाना म्हणाले, आणि फोन ठेवला.

चाचणीसाठी वाचायचा मजकूर नानांनी स्वतः तयार केला. निरोप खऱ्यासारखा असला पाहिजे, त्याशिवाय चाचणीला अर्थ नाही, हा त्यांचा पहिला सिद्धान्त. दुसऱ्याच्या घराला तोंडी का होईना, आग लावणे असभ्यपणाचे आहे, हा दुसरा. त्यामुळे मजकुरात स्वतःच्याच इमारतीचा पत्ता आला. माईंना गॅलरीत खुर्ची दिली, त्यांच्यापुढे तिन्ही संच मांडले, आणि "मी परत येईपर्यंत थांबायचं नाही, वाचत राहायचं," असे बजावून नाना उरलेले तीन संच पिशवीत घालून निघाले.

रस्त्याच्या टोकाला, बागेच्या फाटकापाशी ते थांबले. चिमणी गप्प. साबणातून कुजबुज. आणि मग विटेतून माईंचा आवाज आला, खणखणीत: "तिसरा मजला. आग. जिन्यात धूर. माणसं अडकलीत." नानांना अभिमान वाटला. विटेचाही वाटला आणि वाचणारीचाही. ते आणखी थोडे दूर गेले. तिथेही तेच. एवढ्यात घंटा वाजवत पथकाचा बंब त्यांच्या शेजारून गेला. किती चपळाईने निघाले आहेत, असे नानांच्या मनात आले. मग बंब कोणत्या दिशेला वळतो आहे ते त्यांनी पाहिले.

यानंतर जे घडले ते नानांसारख्या पद्धतशीर माणसाला शोभणारे नव्हते. विटेतून 'तिसरा मजला, आग' चालूच होते, बंब आपल्या घराकडे चालला होता, आणि या दोन पुराव्यांपुढे नानांचा स्वतःच्याच निरोपावर विश्वास बसला. ते बंबामागे धावत सुटले.

इमारतीसमोर गर्दी जमली होती. बाई एका बगलेत कुत्रा आणि दुसऱ्या बगलेत भिंतीवरचे घड्याळ घेऊन रस्त्यात उभ्या होत्या. विमेवाला शिडीवरून गॅलरीपर्यंत पोचला होता, आणि गॅलरीत माई खुर्चीवर बसून शांतपणे वाचत होत्या.

"माई, चला, धरा माझा हात," विमेवाला म्हणाला.

"थांब जरा," माई म्हणाल्या. "एवढा परिच्छेद संपू दे. ते आले नाहीत अजून."

प्रमुख तोंडावरचा मास्क तसाच ठेवून दवाखान्यातून थेट आले होते. सारा प्रकार उलगडल्यावर त्यांनी मास्क खाली केला. "नाना, माझा एक पेशंट तोंडात कापूस घेऊन बसलाय. मी तुम्हाला 'सराव' म्हणायला सांगितलं होतं ना?"

"बरोबर आहे," नाना म्हणाले. धापेमुळे त्यांना नेहमीपेक्षाही कमी ऐकू येत होते.

प्रमुखांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. मग ते हळूच नानांच्या पाठीमागे गेले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "नाना, मागे बघा."

सगळे नानांकडे पाहत होते. नाना हातातल्या विटेकडे पाहत होते.

प्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना आपल्याकडे वळवले आणि एकेक शब्द सुटा करून म्हटले, "चाचण्या पुरेत आता. आपण तो पांढरा संच घेऊ. सुटसुटीत आहे. आणि कान तपासून होईपर्यंत पंपावर विमेवाले उभे राहतील." हे मात्र नानांना अक्षर न् अक्षर ऐकू आले.

पुढचे दिवस नानांनी मोठ्या करारी शांततेत काढले. करारी शांतता म्हणजे ते कोणाशी बोलत नसत आणि कोणी बोलत नाही याबद्दल तक्रार करीत. शेवटी एका संध्याकाळी माई त्यांच्या समोर येऊन बसल्या.

"किती दिवस चालणार हे?"

"कान चांगले आहेत माझे. लोकच नीट बोलत नाहीत."

"अहो, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुम्हाला ऐकू येत नाही ते. कारखान्यात होतात तेव्हापासून माहीत आहे."

नानांनी चष्मा काढला. "मग कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं की."

"मग मी काय म्हणालो?"

"बरोबर आहे म्हणालात."

नाना चष्म्याच्या काचा पुसू लागले.

"मी तुमच्याशी कशी बोलते, याकडे कधी लक्ष दिलंत?" माई पुढे म्हणाल्या. "आधी कुठे ते सांगते, मग काय ते, मग तुम्ही काय करायचं ते. गॅलरीत. कपडे. आत आणा. खालच्या बाई म्हणतात, नवऱ्याशी बोलता की तार करता? पण तुमचं आजवर काही अडलं का?"

काही अडले नव्हते, हे नानांना मान्य करावे लागले. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माईंकडे, काही वर्षांत पाहिले नव्हते इतक्या बारकाईने, पाहिले.

पंप ठरावीक दिवशी चालवून पाहण्याची पथकाची रीत होती. आपला काही संबंध उरलेला नाही, असे घरी जाहीर करून नाना त्या दिवशी पथकाच्या केंद्राच्या अंगणात गेले आणि पंप आपल्या गैरहजेरीत कसा वागतो ते पाहत बाकावर बसले. पंप बरा वागत होता. म्हणजे नेहमीसारखा कानठळ्या बसवणारा आवाज करीत होता. विमेवाला त्याच्याशेजारी उभा होता. समोरून पाइप धरलेले प्रमुख काही तरी ओरडले. विमेवाल्याने समजूतदारपणे मान हलवली आणि काहीच केले नाही. पाइप प्रमुखांच्या हातात उसळला, प्रमुख नखशिखान्त भिजले, धावत पंपापाशी आले आणि पुन्हा काही तरी म्हणाले. विमेवाल्यानेही त्यांना काही तरी विचारले. प्रमुखांनी मान हलवली. दोघांनीही एकमेकांकडे प्रसन्न मुद्रेने पाहिले.

नाना बाकावरून हळूहळू उठले. ही मान कशी हलते, ते त्यांना ठाऊक होते. चेहरा कसा प्रसन्न ठेवायचा, ओठ कोणत्या दोन शब्दांना आकार देतात, तेही ठाऊक होते. ती मान त्यांनी आजवर आतून पाहिली होती. बाहेरून पहिल्यांदाच पाहत होते.

ते चालत पंपाजवळ गेले आणि त्यांनी तो बंद केला. अंगणात एकदम शांतता पसरली.

"प्रमुखसाहेब, तुम्ही यांना काय सांगितलंत?" नानांनी विचारले.

"दाब कमी करा म्हणालो."

"आणि यांनी काय विचारलं तुम्हाला?"

प्रमुखांनी विमेवाल्याकडे पाहिले.

"मी विचारलं, टॉवेल आणू का?" विमेवाला म्हणाला. "तुम्ही हो म्हणालात."

"या पंपाजवळ," नाना म्हणाले, "तुम्ही सगळे माझ्याएवढे बहिरे आहात." तो शब्द त्यांनी स्वतःबद्दल पहिल्यांदाच उच्चारला होता, आणि उच्चारल्यावर तो वाटला होता तेवढा जड नव्हता. "तो पांढरा साबण तुम्ही दवाखान्यातल्या शांततेवरून पसंत केलात. तिथे तो गोडच ऐकू येणार. पण मला माझ्या घरात जो नीट ऐकू येत नाही, तो तुम्हाला इथे ऐकू येणार नाही. पटत नसेल तर चाचणी घ्या."

चाचणीला नाही म्हणण्याची प्रमुखांची परिस्थिती नव्हती. त्यांच्या कोपरांतून पाणी ठिबकत होते. नानांनी घरी फोन करून माईंना सगळे संच घेऊन यायला सांगितले. मग सर्व सभासदांनी शिरस्त्राणे घातली, कानपट्ट्या खाली ओढल्या आणि पंपाशेजारी भिंतीकडे तोंड करून ओळीने उभे राहिले. तीन संच मागे बाकावर ठेवले होते. आत केंद्राच्या खोलीत प्रमुख बसले. ज्याला ऐकू येईल त्याने हात वर करायचा, एवढाच नियम होता. नानाही ओळीत उभे होते. आपल्याला वगळून चाचणी घेणे शास्त्रशुद्ध नाही, असे ते म्हणाले.

पंप सुरू झाला. चिमणी चिवचिवली असावी, कारण बाकाशेजारी उभ्या असलेल्या माईंनी तशी खूण केली. ओळीतला एकही हात हलला नाही. साबणाच्या वेळी विमेवाल्याचा हात वर गेला, पण तो मान खाजवून खाली आला. मग वीट वाजली, आणि भिंतीसमोरचे सगळे हात वर झाले. नानांचा हात त्यांत होता, आणि त्यांच्या मते किंचित आधी होता.

"इशारा आला, झकास आला," पंप थांबल्यावर विमेवाला प्रमुखांना म्हणाला, "पण त्याच्यापुढे तुम्ही काय म्हणालात ते देवाला ठाऊक. कोणी तरी अंगाई म्हणतंय असं वाटलं."

"संच योग्य आहे," नाना म्हणाले. "बोलणारा बदलून पाहू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते."

प्रमुखांनी माईंकडे पाहिले आणि स्वतः शिरस्त्राण घालून ओळीत उभे राहिले. माई आत जाऊन बसल्या, पदर नीट केला आणि पंप पुन्हा सुरू झाल्यावर बटण दाबले. त्या जे बोलल्या, ते भिंतीसमोरची सगळी माणसे एका सुरात मागून म्हणू लागली: "वखारीमागे. पूर्वेचं फाटक. आग. शिडी आणा." माई रोज घरात जसे बोलत, तसेच बोलल्या होत्या. तसे बोलायला त्यांना किती वर्षे लागली होती, ते त्या अंगणात फक्त नानांना ठाऊक होते, आणि त्यांनाही नुकतेच कळले होते.

प्रमुख शिरस्त्राण काढून नानांजवळ आले. आता ते जाणीवपूर्वक मोठ्याने बोलत होते. "नाना, एक विचारू? राग मानू नका. हा संच तुम्ही पथकासाठी निवडलात, की स्वतःच्या कानासाठी?"

नानांनी प्रश्नाचा त्याला साजेसा विचार केला. "कान माझाच होता," ते म्हणाले. "पण पंप सुरू झाला की तो सगळ्यांचा असतो."

विटा आल्या. कानांच्या तपासणीचा निकाल लागायचा तसाच लागला, आणि डॉक्टरांनी नानांना श्रवणयंत्र घ्यायला सांगितले. त्याची निवड अद्याप चालू आहे. परंतु प्रमुखांनी बैठकीत उभे राहून, खिडकीच्या काचा थरथरतील अशा आवाजात निर्णय दिला: पंपावरच्या माणसाला पंपाजवळ ऐकू आले पाहिजे, आणि पंपाजवळ नानांना ऐकू येते, हे आपण सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून पाहिले आहे. पंप नानांकडेच राहील. त्याच बैठकीत माईंना विनंती झाली, की दिवसा त्यांनी केंद्रावर बसावे.

नानांनी हरकतीचा मुद्दा काढला. "रीतसर चाचणी न घेता नेमणूक?"

"चाचणी झाली आहे," माई म्हणाल्या. "आपलं लग्न झालं तेव्हा सुरू झाली."

पहिला खरा इशारा आला, तेव्हा नाना घरी एकटेच जेवत होते. कमरेची वीट पोटात आधी वाजली. "स्टेशनमागे. गाद्यांचं दुकान. आग. पुढून जा." नाना पानावरून उठले, "निघालो" म्हणाले, आणि इमारतीच्या दारात विमेवाल्याच्या आधी पोचले. दुकानाच्या मागच्या खोलीत कापूस पेटला होता. प्रमुख पाइप घेऊन आत शिरले. नानांच्या कमरेच्या विटेतून प्रमुखांचा आवाज येई, नाना दाब वाढवीत, आवाज येई, दाब कमी करीत. मालक आणि त्याचे म्हातारे वडील पुढच्या दाराने सुखरूप बाहेर आले. कापसाचा शेवटचा धूर निवल्यावर नानांनी पंप थांबवला, कपाळ पुसले आणि वीट तोंडाशी धरली.

"केंद्र, आग आटोक्यात. माणसं सुखरूप. पंप बंद."

"समजलं," माईंचा आवाज आला. "सगळ्यांनी पाणी प्या. मग निघा."

पाइप गुंडाळणारी माणसे थांबली आणि खरोखरच पाणी प्यायला गेली. दुकानाचा मालक फुटपाथवर बसून होता. त्याने विटेकडे बोट दाखवले. "या बाई कोण हो? केवढा धीर आला आवाज ऐकून."

"आमच्या घरचा आवाज आहे तो," नाना म्हणाले.

पंप केव्हाच बंद झाला होता. नानांचा आवाज मात्र अजून पंपावरचाच होता. त्यामुळे ही माहिती साऱ्या रस्त्याला मिळाली, आणि नानांनी ती सांगितल्याबद्दल कोणाचीही क्षमा मागितली नाही.